घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात : व्यवसाय कर नेमका कोणाचा?



आपल्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यांची लांबलचक रांग असते. निवृत्तिवेतनाची वर्गणी, भविष्य निर्वाह निधी, विमा, सोसायटीचा हप्ता, क्वार्टरचे भाडे, विजेचे बिल. या रांगेत एक छोटासा आकडा असतो : व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. बहुतेक साथी या आकड्याकडे पाहतही नाहीत. पण बदली होते, राज्याची हद्द ओलांडली जाते, आणि मग शाखेच्या कार्यालयात प्रश्न येऊ लागतात. "मी राहतो उंबरगावला, म्हणजे गुजरातेत. मग माझ्या पगारातून महाराष्ट्राचा कर का?" "माझी बदली झाली, त्या महिन्यात दोन्हीकडे कपात झाली. परत कोण देणार?" "माझी गाडी रोज दोन राज्यांतून धावते. मी कोणत्या राज्याचा?"

हे प्रश्न किरकोळ वाटतात, परंतु ते तसे नाहीत असे आमचे स्पष्ट मत आहे. रेल्वे आणि टपाल ही दोन खाती अशी आहेत की ज्यांची रचना राज्यांच्या हद्दी पाहून झालेलीच नाही. रूळ जिथे गेला तिथे विभाग गेला, टपाल जिथे गेले तिथे विभाग गेला. कर मात्र राज्याच्या हद्दीवर थांबतो. या दोहोंच्या मध्ये जो सापडतो तो आपला कर्मचारी. म्हणून या अंकात हा विषय मुळापासून मांडण्याचे आम्ही ठरविले आहे.

हा कर आहे तरी कोणता?

आपल्या देशात पगारावरील प्राप्तिकर केंद्र सरकारचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर संघ सूचीत आहे. राज्याला पगारदाराच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लावता येत नाही. त्यामुळे कर्मचारी नागपूरला असो वा चेन्नईला, प्राप्तिकराचे विवरणपत्र एकच, दर एकच, खाते एकच. वर्षाच्या मध्येच राज्य बदलले तरी काही बिघडत नाही. जुन्या कार्यालयाचा पगार आणि नव्या कार्यालयाचा पगार एकत्र धरून वर्षाचा हिशोब होतो.

राज्यांना मात्र घटनेने एक छोटी खिडकी ठेवली. राज्य सूचीतील साठावी नोंद आणि कलम २७६ यांनुसार व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येतो. मूळ घटनेत या कराची वार्षिक मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. ती आजही तेवढीच आहे.

महाराष्ट्राने हा कर १९७५ च्या कायद्याने आणला. त्यामागचा हेतू आपण विसरता कामा नये. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या ग्रामीण महाराष्ट्राला काम देण्यासाठी वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा उभा करावा म्हणून शहरातील पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी हा कर द्यावा असे ठरले. खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीत आपल्या पगारातला वाटा गेला, पाझर तलावांत आणि नाला बांधांत गेला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. तेव्हा "हा कर रद्द करा" अशी हाकाटी करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. संघटित कामगाराने असंघटित मजुरासाठी दिलेला वाटा म्हणून आम्ही या कराकडे आदरानेच पाहतो. आमचे म्हणणे वेगळे आहे : कर द्यायचा तो एकदाच द्यायचा, आणि कोणाला द्यायचा हे लिहिलेले असायचे.

घर कुठे आहे हा प्रश्नच नाही

पहिला गैरसमज दूर करू. व्यवसाय कर हा राहण्यावरचा कर नाही. तो नोकरीवरचा कर आहे. उंबरगाव, वापी किंवा वलसाडहून रोज पहाटेची गाडी पकडून डहाणू, पालघर, मुंबईकडे कामावर येणारा साथी गुजरातेत राहतो, तिथे मतदान करतो, मुले तिथल्या शाळेत घालतो. परंतु त्याची नोकरी महाराष्ट्रात आहे, म्हणून व्यवसाय कर महाराष्ट्राचा. निपाणीहून कोल्हापुरात कामाला येणाऱ्याचेही तसेच. घरचा पत्ता दाखवून ही कपात थांबविता येणार नाही आणि तसा अर्ज करण्यात वेळही घालवू नये.

दुसरा गैरसमज : "आपण केंद्राचे नोकर, राज्याचा कर आपल्याला कसा?" महाराष्ट्राच्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत केंद्र सरकारच्या महसुलातून आणि रेल्वे निधीतून पगार घेणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा तो रस्ताही बंद आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या करात पगारदाराला स्वतः विवरणपत्र भरावे लागत नाही. पगार वाटणारा अधिकारी हाच कायद्याच्या दृष्टीने 'मालक'. त्याने कपात करायची, त्याने भरणा करायचा, त्यानेच विवरण द्यायचे. ही सोय आहे खरी, पण तिची दुसरी बाजूही आहे. प्राप्तिकरात जादा कपात झाली तर आपण विवरणपत्र भरून परतावा मागतो. इथे आपले विवरणपत्रच नाही, म्हणून आपला आवाजही नाही. कपात चुकली तर दाद मागायची ती बिल बनविणाऱ्या कारकुनाकडे, आणि तो म्हणणार, "भरणा झाला, आता आमच्या हातात काही नाही." ज्याच्या खिशातून पैसा गेला त्याच्याच हातात कागद नाही, हे या व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे.

हद्द ओलांडली की काय होते?

आता नकाशा समोर ठेवू. मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग बऱ्हाणपूर, खांडव्यापर्यंत मध्य प्रदेशात जातो. नागपूर विभाग आमला, बैतूलपर्यंत जातो. सोलापूरहून निघालेली गाडी कर्नाटकातील कलबुरगी, वाडी गाठते. नांदेड विभागातले आदिलाबाद तेलंगणात आहे. पश्चिम रेल्वेचा मुंबई विभाग सुरतेपर्यंत पोचतो. कोकण रेल्वे महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशा तीन राज्यांतून धावते. टपाल खात्यात महाराष्ट्र सर्कलमध्येच गोवा येते. म्हणजे सर्कल न बदलताही राज्य बदलते.

आणि प्रत्येक राज्याचा हिशोब निराळा. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार दहा हजारांच्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, मिळून वर्षाचे २,५००. महिलांना मात्र २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट. कर्नाटकात २०२३ पासून पंचवीस हजारांच्या आतील सर्वांनाच सूट, आणि त्यावर २०० रुपये. २०२५ पासून फेब्रुवारीत तिथेही ३००. मध्य प्रदेशात कोष्टक वार्षिक पगारावर : चार लाखांच्या वर असेल तर अकरा महिने २०८ आणि बाराव्या महिन्यात २१२. गुजरातेत आणि तेलंगणात वरच्या टप्प्याला महिना २००. गोव्यात, दिल्लीत, हरियाणात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात हा कर नाहीच. केरळात आणि तमिळनाडूत राज्य सरकार नव्हे तर नगरपालिका आणि पंचायती हा कर घेतात, तोही सहामाहीने, सहामाहीला जास्तीत जास्त १,२५० रुपये.

या निरनिराळ्या कोष्टकांतून आपले साथी ये-जा करतात. त्याचे परिणाम काय, ते उदाहरणांनी पाहू.

समजा, कल्याणच्या एका साथीची जुलैच्या मध्याला केरळात शोरनूरला बदली झाली. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचे ६०० रुपये महाराष्ट्राने घेतले. केरळच्या कायद्यात सहामाहीत मिळून साठ दिवस तिथे काम झाले की कर लागू होतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर साठ दिवस सहज भरतात. मग एप्रिल ते सप्टेंबर या संपूर्ण सहामाहीचा कर तिथली नगरपालिका मागते. ज्या तीन महिन्यांत हा साथी कल्याणला होता, त्या महिन्यांचे ओझे त्याच्यावर दोनदा पडते. कोणी बेकायदा वागले का? नाही. महाराष्ट्राने आपला कायदा पाळला, केरळनेही पाळला. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत सापडला तो कर्मचारी.

आता मध्य प्रदेश घ्या. भुसावळचा कर्मचारी ऑक्टोबरात खांडव्याला गेला. मध्य प्रदेशाचे कोष्टक वार्षिक पगारावर आहे. हा वार्षिक पगार कोणता धरायचा? संपूर्ण वर्षाचा, की मध्य प्रदेशात मिळालेल्या सहा महिन्यांचा? पहिल्या पद्धतीने तो वरच्या टप्प्यात जाईल, दुसऱ्या पद्धतीने खालच्या. एका बिल युनिटमध्ये एक उत्तर आणि दुसऱ्यात दुसरे, असे होऊ नये यासाठी लेखी आदेश हवा.

बदलीचा महिना ही तर कायमची डोकेदुखी. महिन्याच्या दहा तारखेला कार्यमुक्त झालेल्या साथीचे नऊ दिवस जुन्या बिलात, उरलेले दिवस नव्या बिलात. अंतिम वेतन प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या एल.पी.सी.वर, त्या महिन्याचा व्यवसाय कर कापला की नाही हे स्पष्ट लिहिले नाही तर नवे कार्यालय पुन्हा कापते. टपालातील रूल ३८ खालच्या विनंती बदल्यांत आणि रेल्वेतील आपसी बदल्यांत तर राज्यच नव्हे, संपूर्ण लेखा व्यवस्था बदलते. आणि उलटही घडते. कोल्हापूरहून पणजीला गेलेल्या टपाल कर्मचाऱ्याच्या संगणकातील नोंदीत राज्य बदलायचे राहिले, तर ज्या राज्यात हा करच नाही तिथे बसून तो महाराष्ट्राला कर भरत राहतो. वर्षभर ध्यानात आले नाही तर अडीच हजार रुपये गेले.

सर्वांत बोचणारे उदाहरण आमच्या ग्रामीण डाक सेवकांचे. कागल तालुक्यातला डाक सेवक आणि शेजारच्या निपाणी भागातला डाक सेवक यांचे काम तेच, थैली तीच, सायकल तशीच. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या कामाला सहायकाचा मूळ भत्ता दहा हजार आणि शाखा डाकपालाचा बारा हजार रुपयांपासून सुरू झाला. त्यावर महागाई भत्ता. म्हणजे बहुसंख्य सेवक दहा आणि पंचवीस हजारांच्या मध्ये. महाराष्ट्राच्या कोष्टकाप्रमाणे कागलच्या पुरुष सेवकाला वर्षाला २,५०० रुपये लागतात. कर्नाटकाच्या कोष्टकाप्रमाणे निपाणीच्या सेवकाला शून्य. खात्याने ज्याला आजवर नियमित कर्मचारी मानले नाही, त्याला कराच्या कोष्टकाने मात्र लोको पायलटच्या रांगेत बसविले आहे! पुरुष सेवकालाही पंचवीस हजारांपर्यंत सूट द्यावी ही मागणी महाराष्ट्र शासनाकडे करणे आवश्यक आहे.

धावता कर्मचारी कोणाचा?

लोको पायलट, सहायक लोको पायलट आणि ज्यांना २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हटले जाते ते आपले गार्ड, तसेच तिकीट तपासनीस आणि टपालाचे मेलगार्ड, यांचा प्रश्न आणखी निराळा. यांचे कामच राज्यांच्या हद्दीवरून धावते. सोलापूरच्या लॉबीत सही करून गाडी घेतली, रात्री वाडीच्या रनिंग रूममध्ये मुक्काम केला, सकाळी परत. कामाचे निम्मे तास एका राज्यात, निम्मे दुसऱ्यात. आज पगार जिथून निघतो त्या ठिकाणच्या राज्याचा कर कापला जातो आणि गाडे चालू राहते. पण हे चालते आहे ते वहिवाटीने. वहिवाट ही नियमाची जागा घेऊ शकत नाही. आज रक्कम दोनशेची आहे म्हणून कोणी हरकत घेत नाही. उद्या रक्कम वाढली आणि शेजारच्या राज्याच्या कर खात्याने "काम तर आमच्याही हद्दीत होते" असे म्हटले, तर आमच्या साथीच्या हातात दाखवायला कोणता कागद आहे?

अमेरिकेतील रेल्वे कामगारांचे उदाहरण

हा प्रश्न जगात प्रथमच निर्माण झालेला नाही. अमेरिकेत केंद्राच्या प्राप्तिकराशिवाय बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन यांसारखी काही राज्ये पगारावर कर घेत नाहीत, बाकीची घेतात. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली न्यू जर्सीत राहून नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरात नोकरी करतात, त्यांना विचारा. त्यांना दरवर्षी केंद्राचे एक, न्यू यॉर्क राज्याचे अनिवासी म्हणून दुसरे आणि न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून तिसरे विवरणपत्र भरावे लागते. न्यू यॉर्कला भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सी देते, म्हणून पैसा दोनदा जात नाही. कागद मात्र तिप्पट होतात. त्याच न्यू जर्सीचा माणूस पेनसिल्व्हेनियात नोकरीला असेल तर दोन राज्यांत आपसांत करार आहे, त्यामुळे पगारावर फक्त घरच्या राज्याचा कर. २०१५ साली मेरीलँड राज्याच्या एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची पूर्ण वजावट न देता आपल्या रहिवाशावर कर लादणे घटनेला धरून नाही.

यात आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. एका खेपेत तीन-चार राज्यांतून जाणाऱ्या रेल्वे कामगाराने काय करावे? प्रत्येक राज्याने आपापल्या हद्दीतील मैलांचा हिशोब मागितला तर? अमेरिकी काँग्रेसने १९९० साली रेल्वेविषयक कायद्यात याचे उत्तर लिहून ठेवले. ज्या रेल्वे कामगाराचे नेमून दिलेले नियमित काम एकाहून अधिक राज्यांत चालते, त्याच्या पगारावर त्याच्या रहिवासाच्या राज्याखेरीज अन्य कोणत्याही राज्याला प्राप्तिकर लावता येणार नाही. वाक्य एकच, पण त्याने राज्याराज्यांचा वाद कामगाराच्या डोक्यावरून उतरविला. ज्या देशात राज्यांचे अधिकार इतक्या कडकपणे जपले जातात, तिथेही धावत्या कामगारासाठी केंद्राने एक ओळ लिहिली.

आम्ही अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी आणा असे म्हणत नाही. तीन-तीन विवरणपत्रांचा तो संसार आपल्याला नको. शिवाय तिथला कर उत्पन्नावर आहे म्हणून त्यांनी रहिवास ही कसोटी धरली. आपला कर नोकरीवर आहे. आपल्याकडे घर एकीकडे, क्वार्टर दुसरीकडे, रेशन कार्ड तिसरीकडे असा प्रकार. रहिवासाचा पुरावा मागू लागले तर नवे झंझट उभे राहील. आपल्यासाठी कसोटी सोपी आहे : कर्मचाऱ्याचे मुख्यालय, म्हणजे ज्या डेपोत किंवा लॉबीत त्याचे नाव आहे ते ठिकाण. ते सेवापुस्तकात लिहिलेले असते, त्यावर वाद होत नाही.

"दोनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप?"

असे विचारणारे साथी आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, रक्कम कायम दोनशेच राहील या भरवशावर बसू नका. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या चौदाव्या वित्त आयोगाने २,५०० रुपयांची मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत वाढवावी अशी शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही. परंतु १९८८ पासून मर्यादा गोठलेली आहे, राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या आहेत, जीएसटीनंतर राज्यांच्या हातात स्वतःचे कर थोडे उरले आहेत. ही मागणी पुन्हा पुन्हा डोके वर काढणार. महिना दोनशेचे महिना हजार झाले, तर वर उल्लेखिलेली प्रत्येक फट पाचपट रुंद होईल. केरळच्या उदाहरणातील सहाशे रुपयांचे तीन हजार होतील.

इथे कलम २७६ ची भाषा बारकाईने वाचायला हवी. मर्यादा एका व्यक्तीने त्या राज्याला, किंवा त्या राज्यातील एखाद्या स्थानिक संस्थेला, द्यावयाच्या रकमेची आहे. सर्व राज्ये मिळून एका व्यक्तीने वर्षात किती द्यावे याची मर्यादा तिथे नाही. ज्याची नोकरी आयुष्यभर एकाच राज्यात त्याला हा फरक जाणवणार नाही. ज्याची बदली होते त्याला तो जाणवतो, आणि बदली कोणाची होते? आपली.

आणखी एक नुकसान आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत भरलेल्या व्यवसाय कराची पगारातून वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. नव्या पद्धतीकडे वळलेल्या साथीला व्यवसाय कराचा पूर्ण भार स्वतःच सोसावा लागतो. दोनदा कपात झाली तर दोन्ही वेळचा.

कोणी म्हणेल, केंद्राने यात हात घातला तर राज्यांच्या स्वायत्ततेचे काय? आम्ही राज्यांच्या अधिकारांचे समर्थक आहोत. पण या कराची मर्यादा घटनेनेच घातलेली आहे आणि ती बदलायची तर संसदेतूनच बदलावी लागते. कर लावावा की नाही, किती लावावा, हे राज्याने ठरवावे. एकाच महिन्याच्या नोकरीवर दोन राज्यांनी हक्क सांगू नये, एवढाच नियम देशाने करावा. त्यात कोणत्याही राज्याचे हक्काचे काही जात नाही.

आमच्या मागण्या

एक : धावत्या कर्मचाऱ्यांचा आणि मेलगार्डांचा व्यवसाय कर फक्त त्यांच्या मुख्यालयाच्या राज्याचा राहील, असा स्पष्ट लेखी आदेश रेल्वे बोर्डाने आणि टपाल खात्याने राज्यांशी बोलून काढावा.

दोन : प्रत्येक एल.पी.सी.वर चालू आर्थिक वर्षात कोणत्या महिन्याचा, कोणत्या राज्याचा, किती व्यवसाय कर कापला, याचा स्वतंत्र रकाना असावा. बदलीच्या महिन्यात कपात एकाच कार्यालयाने करावी.

तीन : सहामाही पद्धतीच्या राज्यांनी अन्य राज्यात त्याच मुदतीसाठी भरलेला कर वजा करून घ्यावा.

चार : चुकीची किंवा दुहेरी कपात परत मिळविण्याची जबाबदारी कपात करणाऱ्या कार्यालयाची असावी. कर्मचाऱ्याला कर खात्याच्या दारात उभे करू नये.

पाच : कलम २७६ मधील मर्यादा वाढविण्याचा विचार जेव्हा होईल, तेव्हा ती मर्यादा सर्व राज्ये मिळून एका व्यक्तीस एका वर्षासाठी असेल, ही दुरुस्ती त्याच वेळी व्हावी. आधी नियम, मग वाढ. आधी वाढ आणि नियम सावकाश, हे आम्हास मान्य नाही.

तोवर साथींनी काय करावे?

पगारपत्रक दर महिन्याला उतरवून ठेवा. बदली झाली की पहिल्या दोन पत्रकांतील व्यवसाय कराची ओळ तपासा : राज्य बदलले का, रक्कम बदलली का, एकाच महिन्याची दोनदा कपात झाली का. कार्यमुक्त होताना एल.पी.सी.वर व्यवसाय कराची नोंद आहे का ते पाहूनच सही करा. नसेल तर तिथेच लिहून घ्या. नंतर शेकडो मैलांवरून ते होत नाही. दुहेरी कपात आढळली तर तोंडी तक्रार करू नका. दोन्ही पत्रकांच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत शाखा सचिवाकडे द्या. तेवढ्यावर भागले नाही तर पगार वाटणारा अधिकारीच कायद्याने जबाबदार आहे याची त्याला लेखी आठवण करून द्या.

अपंग साथींनी आणि अपंग पाल्यांच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रात त्यांना या करातून सूट आहे, परंतु एका राज्यात मिळालेली सूट दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या असतात. बदलीनंतर नव्या राज्याच्या नियमाप्रमाणे पुन्हा अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा.

शाखा सचिवांना आमची विनंती आहे की, मागील दोन वर्षांत राज्य बदलून आलेल्या सभासदांची यादी करावी, त्यांची पत्रके तपासावीत आणि दुहेरी कपातीची प्रकरणे महासंघाकडे पाठवावीत. मंत्रालयासमोर बसताना भाषणांपेक्षा असे शंभर कागद अधिक बोलतात, हा आमचा अनुभव आहे.

गाडी हद्दीवर थांबत नाही, टपालाची थैली हद्दीवर थांबत नाही. तिला पोचविणाऱ्या माणसाच्या पगाराचा हिशोब तेवढा हद्दीवर अडतो. हा अडथळा दूर करायला पैसा लागत नाही, एका आदेशाची आणि घटनेच्या कलमातील चार शब्दांची दुरुस्ती लागते. ती मिळेपर्यंत हा विषय आम्ही सोडणार नाही, आणि साथींनीही आपल्या पत्रकातील ती छोटी ओळ वाचायचे सोडू नये.